सेदरला जाताना काय न्यायचं? काहीच नाही

तुमचा प्रश्न वाचला, ठाण्याच्या बेने इस्रायली (म्हणजे आमच्या मराठी ज्यू समाजातल्या) मैत्रिणीने सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, सेदरला (पेसाख सणाच्या रात्रीचं वाचन आणि जेवण) बोलवलंय, काय घेऊन जाऊ, काय घालू आणि मला काही कळेल का. मी ठाण्यातच वाढले, टेंभी नाक्याजवळच्या १८७९ सालच्या त्या सिनेगॉगमध्ये लहानपण गेलं, म्हणून जरा लांबलचक सांगते.

पहिलं म्हणजे रिकाम्या हाताने जा. आपल्याला कसंतरीच वाटतं ते माहितीये, पण खरंच. एका वर्षी आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने नानकटाईचा मोठा डबा आणला, तो बिचारा अख्खी रात्र वॉचमनच्या टेबलावर बसून होता. कारण असं की पेसाख, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्याचे आठ दिवस (इस्रायलमध्ये सात) घरात हमेत्झ नको, म्हणजे गहू, जव, ओट्स अशा पाच धान्यांपैकी पाणी लागून फुगलेलं, आंबलेलं काहीही. पाव, बिस्किट, केक, शेवया तर गेलेच पण बिअर आणि व्हिस्की पण गेली, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आदल्या रात्री मेणबत्ती आणि पीस घेऊन घराचे कोपरे धुंडाळतात, पावाचे दहा तुकडे मुद्दाम आधी लपवून ठेवलेले असतात, आणि सकाळी सगळं जाळून टाकतात. आजी सांगायची की तिच्या माहेरी सणाआधी भिंतींना चुना लागायचा आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई. आता एवढं सगळं करून झाल्यावर तुमचा मिठाईचा बॉक्स उघडून त्यातलं काय काय तपासत कोण बसणार! फारच वाटलं तर फुलं न्या.

आमच्या जुन्या लोकांचं या सणाला स्वतःचं नाव होतं, अनाशी ढाकाचा सण, आंबट पाण्याचं भांडं झाकून ठेवायचा सण. बायबलच्या मराठीत वल्हांडण म्हणतात, पण घरी आम्ही पेसाखच म्हणतो.

गंमत म्हणजे ताटातली मत्झा, म्हणजे न फुगवलेली कोरडी पोळी, पण गव्हाचीच असते. भांडण गव्हाशी नाहीच, आंबण्याशी आहे. इजिप्तमधून आमचे गुलाम पूर्वज घाईत निघाले, पीठ फुगायला वेळच नव्हता, म्हणून पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून मोकळं व्हायचं. आता पाकिटं मिळतात, पण १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादात (सेदरला वाचायच्या पुस्तकात) चित्र आहे त्यात नऊवारीतल्या बायका खाली बसून मत्झा लाटतायत. मला ते चित्र भारी आवडतं, इजिप्तची गोष्ट आणि पोळपाट आपला.

आता रात्रीचं. २०२६ मध्ये सेदर १ एप्रिलच्या संध्याकाळी. मैत्रिणीला तुमचं पूर्ण नाव आधीच कमिटीकडे द्यायला सांगा आणि आयडी जवळ ठेवा, २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर गेटवर विचारतातच, मनाला लावून घेऊ नका. साडी, ड्रेस काहीही चालेल, फक्त खांदे झाकलेले हवेत. बरोबर पुरुष असेल तर दारात टोपी मिळते. मोबाईल बंद, फोटो नाही, सण लागल्यावर लिहायचं पण नसतं.

आणि चार-पाच वाजता घरी काहीतरी खाऊन निघा!! जेवण मध्यावर येतं. त्याआधी हगादा वाचायचा, हिब्रूत आणि मग मराठीत, सगळ्यात लहान पोर विचारतं ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, मग मिठाच्या पाण्यात बुडवलेली भाजी, कडू पाला, आणि हरोसेत. आमच्यात तो खजूर शिजवून, गाळून, आटवून करतात, वर अक्रोडाची भरड, रंग मातीच्या गाऱ्यासारखा आणि तो तसाच दिसायला हवा, कारण ती इजिप्तमध्ये गुलामांनी पाडलेल्या विटांची माती आहे. मी लहानपणी कडू पाला गपचूप हरोसेतमध्ये पार बुडवून खायचे. वाइनचे चार पेले असतात, बऱ्याच घरी काळ्या मनुकांचं शरबतच असतं. बाटली मात्र स्वतः उचलून ओतू नका, काहींना ते चालत नाही, पेला पुढे करायचा.

जेवणात बहुतेक नारळाच्या दुधातलं मटण आणि भात. दही मागू नका, मटणाबरोबर दूध-दही नाही, म्हणून तर नारळ. भात बघून कोणी युरोपियन ज्यू पाहुणा दचकेल, त्यांच्यात पेसाखला तांदूळ नसतो, आमच्यात तीन तीनदा निवडून घेतलेला चालतो.

कळेल का, तर हो, आणि नाही कळलं तर तिथेच विचारा, कोणी श्श करणार नाही, त्या रात्री विचारणं हेच काम असतं. मी तर चाळीस वर्षं ऐकतेय तरी दर वेळी शेजारच्या काकांना काहीतरी विचारते आणि ते दर वेळी वेगळं उत्तर देतात.

संपायला अकरा-साडेअकरा धरा. परतीची रिक्षा कोणाबरोबर शेअर करायची ते आधीच ठरवून ठेवा, कारण तिथे बसून फोन काढून गाडी बुक करता येणार नाही.