वाचकांचे प्रश्न: स्कूटरवर कुत्रा घेऊन वाईला

प्रश्न: आमचा पॉमेरेनियन तीन वर्षांचा आहे, वजन सहा किलो. शनिवारी पुण्याहून ११० सीसीच्या स्कूटरवर वाईला जाऊन रविवारी परतायचा बेत आहे. मागे पत्नी असेल. गल्लीत तो फूटबोर्डवर माझ्या पायांमध्ये छान उभा राहतो. तसाच न्यावा का?

उत्तर: नको. वाण्याच्या दुकानापर्यंत वेग वीस-पंचवीसचा असतो, म्हणून ते निभतं. हायवेवर करकचून ब्रेक लागला की गुळगुळीत फूटबोर्डवर त्याच्या नखांना पकड मिळत नाही. तो पुढे आपटतो, नाहीतर बाजूने खाली जातो. साखळीने हँडलला बांधणं तर त्याहून वाईट. त्याने उडी मारली तर फरफटत जाईल, आणि साखळी पुढच्या चाकात गेली तर तिघंही पडाल.

तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे छातीवर घ्यायची पेट बॅग, आणि ती पत्नीने घालायची. तुम्ही घातलीत तर हँडल वळवताना आडवी येईल. बॅगेचा तळ कडक हवा, बाजूंना जाळी हवी आणि कमरपट्टा हवाच. त्याच्याशिवाय सहा किलोंचं ओझं अर्ध्या तासात खांदे काढतं. आतला हूक गळपट्ट्याला लावू नका, छातीच्या हार्नेसला लावा. दोरी एवढीच ठेवा की त्याला बसता-वळता येईल, पण बाहेर उडी घेता येणार नाही.

दोघांच्या मध्ये त्याला वारा लागत नाही, हे थंडीत चांगलं आणि उन्हात वाईट. म्हणून पहाटे सहाच्या आत निघा. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. वेग ४५-५० ठेवा आणि पाऊण तासाला एकदा थांबा: खेड शिवापूर, शिरवळ आणि शेवटचा थांबा खंबाटकीचा चढ लागायच्या आधी. उतरवताना आधी पट्टा हातात, मग बॅगेची चेन. हा क्रम उलटा झाला की गडबड होते: चेन उघडलेली, तेवढ्यात ट्रकचा हॉर्न, आणि कुत्रा रस्त्याच्या पलीकडे. धाब्याच्या मागच्या बाजूला सोडू नका, तिथल्या खरकट्यावर गावातल्या कुत्र्यांची मालकी असते. स्कूटरच्या डाव्या बाजूने उचला-ठेवा. उजवीकडे तापलेला सायलेन्सर असतो.

वाईजवळच्या मेणवलीचा नदीकाठचा घाट सकाळीच पाहून घ्या. दुपारी त्या दगडी पायऱ्या तापतात. हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे पंजेही भाजतील.

आणि हे सगळं पहिल्यांदाच शनिवारी करू नका. आधी दहा दिवस सराव हवा: चार दिवस घरात नुसतं बॅगेत बसणं, मग बंद स्कूटरवर, मग इंजिन चालू ठेवून, शेवटी दहा किलोमीटरची फेरी.

प्रश्न: मी एकटाच जातो. मागच्या सीटवर प्लास्टिकचा क्रेट बंजी कॉर्डने बांधतो, पण प्रत्येक स्पीडब्रेकरला तो सरकतो.

उत्तर: सरकणारच. रबर ताणलं जातं, क्रेट उचलला जातो आणि परत येताना वाकडा बसतो. त्याऐवजी बकलवाले नायलॉनचे दोन पट्टे घ्या. एक मागच्या ग्रॅब रेलमधून (मागे बसणारा धरतो तो दांडा) क्रेटभोवती फिरवा. दुसरा सीट उघडून तिच्याखालून आडवा काढा आणि सीट लॉक करून वर आवळा. बऱ्याच स्कूटरमध्ये पेट्रोलचं झाकण सीटखाली असतं, तेव्हा टाकी आधीच भरून घ्या. क्रेटखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा घाला.

क्रेट तुमच्या पाठीला जवळजवळ टेकलेला असावा. तो मागच्या कॅरिअरवर गेला तर वजन चाकाच्या मागे पडतं आणि घाटात पुढचं चाक हलकं होतं. परीक्षा सोपी आहे: क्रेट धरून हलवा, स्कूटर हलली पाहिजे, क्रेट नाही. कुत्रा आत असताना स्कूटर साइड स्टँडवर सोडून चहाला जाऊ नका.

प्रश्न: पग मे महिन्यात नेला तर चालेल का? वारा तर लागतोच.

उत्तर: नाही. वाऱ्याने आपला घाम सुकतो आणि आपल्याला गार वाटतं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग गार करतो, आणि चपट्या नाकाच्या पगला तेच नीट जमत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ सेल्सिअसच्या आसपास असतं. ४१ च्या पुढे जिवाशी गाठ. जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटू लागले की सावलीत नेऊन साध्या पाण्याने पोट आणि मांड्या भिजवा, वारा घाला, आणि तसंच डॉक्टरांकडे जा. पाणी तोंडात जबरदस्तीने ओतू नका.

प्रश्न: आमची कुत्री घाटात उलटी करते. काय द्यावं?

उत्तर: निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं चालेल. ओठ चाटणं, लाळ गळणं, सारख्या जांभया ही आधीची लक्षणं, तेव्हाच थांबा. तरीही भागलं नाही तर गोळी डॉक्टरांकडून वजनानुसार घ्या. घरातली आपली औषधं नकोत. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनने कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. तिचा दहीभात डिकीत ठेवू नका. खाली इंजिन असतं, शिरवळपर्यंत तो आंबतो. कोरडं खाणं न्या, आणि रेबीजच्या लसीचं कार्ड विसरू नका; मुक्कामाच्या ठिकाणी आधी तेच विचारतात.