नव्या टीव्हीवर उभी रेघ: पॅनल बदलायचा की पीसच बदलून मागायचा?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. मुलगा मुंबईला असतो. यंदा चतुर्थीच्या आधी त्याने पैसे पाठवले आणि आम्ही कणकवलीच्या एका दुकानातून 43 इंची टीव्ही घेतला. गणपती पाच दिवसांचा. विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी पडद्याच्या डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ दिसायला लागली. आता तिच्या शेजारी दुसरीही आली आहे. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "आमचा काम विकूचा, पुढचा कंपनी बघतली." कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. पॅनल, म्हणजे पडद्याचा काचेचा भाग, फुकट बदलून देतो, पार्ट यायला पंधरा दिवस लागतील असं त्याने सांगितलं. आमचे हे म्हणतात, फुकट होतंय ना, मग वाद कशाला? पण नवाकोरा टीव्ही घरात खोलून दुरुस्त करायला माझं मन घेत नाही. टीव्ही घेऊन तेरा दिवस झाले आहेत. काय करू?
– एक वाचक, ता. देवगड

उत्तर : वहिनी, मन घेत नाही ते योग्यच आहे. पीस बदलून मागा, आणि आजच मागा. पंधरा दिवस पार्टची वाट बघण्यात घालवू नका.

आधी एक खात्री करून घ्या. रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. रेघ मेनूच्या चौकटीवरूनही जात असेल, तर दोष टीव्हीचाच. मग डिशच्या बॉक्सची वायर मागून काढा आणि पडदा नुसता चालू ठेवून बघा. तरीही रेघ तिथेच असेल तर बॉक्स, केबल, छत्री यांचा काही संबंध नाही. दोन्ही वेळेला मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, तारीख दिसेल असा. पुढे कोणी "तुमच्या सिग्नलचा प्रॉब्लेम" म्हणालं तर हा व्हिडिओ दाखवायचा.

आता ही रेघ येते कुठून ते सांगतो, कारण ते कळलं की निर्णय आपोआप कळतो. तुमचा टीव्ही फोरके असेल तर पडद्यात आडव्या दिशेने 3840 ठिपके आहेत, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे प्रत्येक रंगाच्या अशा हजारो उभ्या रांगा. काचेच्या कडेला सिनेमाच्या जुन्या फिल्मसारख्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्यावर बारीक चिप असते, आणि त्यांच्यातून प्रत्येक उभ्या रांगेला तिचा हुकूम जातो. हा जोड डाखाचा नसतो. विजेला वाट देणारी एक खास चिकट फिल्म मध्ये ठेवून यंत्राने उष्णता आणि दाब देऊन तो कारखान्यात बसवतात. तिथे केसाएवढा जोड सुटला की त्या एका रंगाची एक रांग बिघडते आणि नुसती पेटूनच राहते. तुमची रेघ हिरवी आहे ती त्यामुळे. एकीला लागून दुसरी आली म्हणजे तोच जोड पुढे सुटत चालला आहे असं मी धरतो. कुडाळात माझ्या दुकानात असे टीव्ही येतात. कडेला बोटाने दाबलं की रेघ जाते, बोट काढलं की परत येते. घरी येऊन डाख मारून बसवण्याचं हे काम नाही, म्हणून कंपनी सरळ पॅनलच बदलते. टीव्हीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा पॅनलचाच असतो.

मग फुकट बदलतायत तर बिघडलं कुठे? तुमच्या घरी ते काम कसं होईल ते डोळ्यांसमोर आणा. टीव्ही भिंतीवरून उतरवून खाटेवर पालथा घालणार. मागचं झाकण काढणार, बोर्डांच्या वायरी सोडवणार, मग पुढची पट्टी. काच दोन बाजूंनी दोघांनी उचलायची, कारण ती इतकी पातळ असते की एका कोपऱ्याला भार आला तरी तडकते. काचेच्या खाली प्रकाश पसरवणारे पांढरे पातळ कागद असतात. त्यांच्यात एक धुळीचा कण किंवा बोटाचा ठसा गेला की तो पुढे प्रत्येक उजेडाच्या चित्रावर डाग म्हणून दिसत राहतो. कारखान्यात हे काम धूळ गाळलेल्या खोलीत होतं. आपल्याकडे भाद्रपदात भिंतींना ओल असते, दार उघडं, बाहेर पावसाची झड. काम चांगलं करणारी मुलं आहेत, मी ओळखतो त्यांना, पण दिवसात चार गावं करायची असतात, आणि पॅनल गाडीवरून आडवा बांधून आणलेला असतो. तेरा दिवसांच्या टीव्हीला हे कशासाठी सोसायला लावायचं? शिवाय बदललेल्या पॅनलला बहुतेक कंपन्या नवी वॉरंटी देत नाहीत, मूळ वर्षातलं जे उरलं असेल तेवढीच.

हाच दोष दहाव्या महिन्यात आला असता तर मी तुम्हाला पॅनल बदलून घ्या म्हटलं असतं. आणि बिघाड दुसरा असता, म्हणजे वायफाय लागत नाही, स्पीकर खरखरतो, रिमोट पकडत नाही, टीव्ही मध्येच बंद होऊन परत चालू होतो, तर तेराव्या दिवशीही दुरुस्तीच करून घ्या म्हटलं असतं. मेन बोर्ड किंवा पॉवर बोर्ड बदलणं म्हणजे चार-सहा स्क्रू आणि दोन-चार कनेक्टर, काचेला हातही लागत नाही. नवा बोर्ड बसला की टीव्ही पहिल्यासारखा होतो. एवढ्यासाठी पीस बदलायचा हट्ट धरला तर नवा पीस येईपर्यंत ताटकळणं नशिबी येतं. पॅनलचं मात्र वेगळं आहे. पहिल्या महिन्यात पॅनल गेला तर टीव्हीचा मागचा स्क्रू कोणालाही खोलू द्यायचा नाही.

महिना का म्हणतो, तर कायद्यात तो आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलं आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यांतली एक. तेव्हा बिल काढा आणि मागची-पुढची बारीक अक्षरं वाचा. मुदत लिहिली नसेल तर तुमच्या हातात अजून सतरा दिवस आहेत. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" एवढंच छापलेलं असेल तर घाबरू नका. आवडला नाही म्हणून परत आणणाऱ्याला दुकानदाराने ती ओळ दाखवावी, सदोष मालाची जबाबदारी त्या ओळीने टळत नाही. आणि "पुढचं कंपनी बघेल" हे दुकानदाराचं म्हणणं ऐकून घेऊ नका. पैसे त्याने घेतले, बिल त्याने दिलं, जबाबदारी त्याचीही आहे.

फोनवर बोलून काही उरत नाही. दुकानदाराला लेखी द्या, कंपनीला ईमेल करा. ईमेल मुलाला करायला सांगा. मजकूर एवढाच पुरे : "अमुक तारखेला, अमुक बिल नंबराने घेतलेल्या टीव्हीच्या पडद्यावर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून उभी रेघ आहे. दोष पॅनलचा असल्याचं तुमच्या तंत्रज्ञाने पाहून सांगितलं आहे. खरेदीला 30 दिवस झालेले नाहीत. मला दुरुस्ती नको. त्याच मॉडेलचा नवा सीलबंद टीव्ही किंवा पूर्ण रक्कम सात दिवसांत द्यावी." टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर घाला. दुकानदाराकडून प्रतीवर सही-शिक्का घ्या. तो देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा.

तंत्रज्ञ आला होता तेव्हा त्याने जॉब शीट, म्हणजे काय आढळलं त्याची लेखी नोंद, केली असेल. ती मागून घ्या आणि वाचा. त्यात "बाहेरून मार लागलेला" असं काही लिहिलं असेल तर ताबडतोब लेखी हरकत घ्या, कारण मार लागलेला पॅनल वॉरंटीत बसत नाही. मार लागलेली काच ओळखू येते. एका जागेवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी तड पसरते, भोवती काळं सांडल्यासारखं दिसतं. तुमची सरळ उभी रेघ त्यातली नव्हे. आणखी एक, कळकळीने सांगतो : मोबाइलवर आलेला ओटीपी काम झाल्याशिवाय देऊ नका. "साहेब, नुसती व्हिजिट क्लोज करायची आहे" म्हणून मुलं ओटीपी मागतात, आणि कंपनीच्या संगणकावर तक्रार मिटली, ग्राहक समाधानी, अशी नोंद होते.

सात दिवसांत काही झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. कंपनीकडे तक्रार तिथून जाते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. त्यानंतरचा दरवाजा ओरोसचा, सिंधुदुर्गनगरीतल्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ऑनलाइनही दाखल करता येतं. मुलाने मुंबईत टीव्ही घेऊन तुमच्या नावाने बिल केलं असतं, तरीही तुम्ही ओरोसलाच तक्रार करू शकला असता, कारण 2019 च्या कायद्याने राहत्या ठिकाणी दाद मागायची सोय केली आहे. आपल्या माणसांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण तुमच्या ह्यांचं म्हणणंही मी बाजूला टाकत नाही. आयोग दोष दूर करून द्या असाही आदेश देऊ शकतो, नवा द्या असाही, पैसे परत करा असाही. कंपनी फुकट दुरुस्ती देत असताना तुम्ही महिनोन्‌महिने नुसतं नाही म्हणत राहिलात, तर ते तुमच्याच विरुद्ध दाखवलं जाईल. तेव्हा लेखी मागणी करूनही दोघं हटले नाहीत, तर पॅनल बदलून घ्या, पण जॉब शीटवर स्वतःच्या हाताने लिहा : "बदलून मिळण्याचा हक्क राखून दुरुस्ती स्वीकारत आहे." खाली सही, आणि तिचा फोटो. नवा पॅनल परत बिघडला किंवा डाग राहिले तर हा कागद कामाला येईल.

माझा अंदाज, एवढी वेळ येणार नाही. कणकवलीचा दुकानदार दिवाळीलाही तुमच्या वाडीत गिऱ्हाईक शोधणार आहे. लेखी कागद हातात पडला की तो कंपनीच्या डीलरला फोन लावतो, हे मी बघत आलो आहे. खोका आणि थर्मोकोल मात्र जपा. माळ्यावर टाकला असेल तर आजच खाली काढा, वाळवी आणि उंदीर दोघांनाही तो आवडतो, आणि खोका नाही म्हणून बदली नाकारणारे आहेत. नवा पीस आला की सील तुमच्यासमोर तुटलं पाहिजे, खोक्यावरचा आणि टीव्हीवरचा नंबर एक असला पाहिजे, आणि तोच नंबर बिलावर लिहून घेतला पाहिजे. टेंपोतून टीव्ही उभाच आला पाहिजे. आडवा दिसला तर उतरवून घेऊ नका. लावल्यावर पांढरा, लाल, हिरवा, निळा, काळा असे रंगांचे पडदे मोबाइलवरून लावून एकेक नीट बघा, मगच ओटीपी द्या.

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी घेतलेला टीव्ही परवाच्या गडगडाटात बंद पडला. आवाज नाही, चित्र नाही, लाल दिवाही नाही. कंपनी म्हणते विजेमुळे गेला, वॉरंटी नाही. परत देता येईल का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : परत देता येणार नाही. विजेने गेलेला माल सदोष ठरत नाही. पण "विजेमुळे" हे त्यांनी झाकण उघडून, जळालेला भाग दाखवून सांगितलं पाहिजे. तसा फोटो मागा. काहीच जळालेलं नसेल तर वॉरंटीचा आग्रह धरा. लाल दिवाही नाही, तेव्हा पहिला संशय पॉवर बोर्डावर. तो गेला असेल तर दुरुस्ती टीव्हीच्या मानाने स्वस्त पडते. डिशच्या केबलमधून किंवा एचडीएमआयमधून झटका आला असेल तर मेन बोर्डही गेलेला असतो. पॅनल शाबूत असेल तोवर दुरुस्त करून घ्या.

मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, आपल्याकडे विजा याच दिवसांत जास्त. नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि डिशची केबलही टीव्हीपासून सोडवायची. अर्थिंग एकदा तपासून घ्या. जांभ्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही, आणि खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. त्यात पाणी घालत जा.