"सही नाही केली म्हणजे मी स्वार्थी हाओ का, मॅडम?"

दिवाळी झाली, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी अर्ध्यावर आली की माझ्याकडं एक प्रश्न घेऊन बायका यायला लागतात. बाप वारला, भाऊ हक्कसोडवर, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही मागतो, सही केली तर मन खातं आणि नाही केली तर सगळं गाव म्हणतं पोरगी स्वार्थी निघाली. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस भागात मी समुपदेशन करते आणि हे इतक्या जणींकडून ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकते. खालच्या ताईची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ती आली तेव्हा तक्रार जमिनीची नव्हतीच. झोप नाही, जेवण जात नाही, डोकं दुखतं. डॉक्टरनं तपासलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग गावातल्या आशाताईनं माझ्याकडं धाडलं. नवरा सालदार, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणारा, मुलगी बारावीला. माहेरी पाच एकर वावर, मायबाप गेलेले, भाऊ एकच.

"भाऊ चांगला हाय मॅडम, पोरीच्या आजारपणात पैसे देल्ले त्यानं. आता वारसाची नोंद व्हायची हाय तं म्हणते, बाई, सही करून दे. वहिनी म्हणते सही नाही तं माहेर नाही. तुमीच सांगा, मी स्वार्थी हाओ का?"

मी विचारलं, "भाऊ स्वार्थी आहे का?"

"नाही वो! त्याले दोन पोट्टे हायत, सोसायटीचं कर्ज हाय, औंदा सोयाबीन बी गेलं. त्याले गरज हाय."

"म्हणजे तो तुमचे अडीच एकर मागतो ती गरज, आणि तुम्ही तुमचेच अडीच एकर ठेवायचं म्हणता तो स्वार्थ?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "असं कोनी म्हटलंच नाही मले."

माझं मत स्पष्ट आहे. फक्त माझीच गरज खरी, बाकीच्यांची मोजायचीच नाही, हा स्वार्थ. पण सगळ्यांची मोजायची आणि आपलीच सोडून द्यायची याला आपण त्याग म्हणून डोक्यावर घेतो, तिथंही एक माणूस हिशोबातून बाहेरच राहतो ना, फक्त या वेळी ते माणूस आपण स्वतः असतो. मी ज्यांच्या विचाराने काम करते त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली समुपदेशनाची पद्धत मांडली, आणि त्यांचं म्हणणं असं की माणसानं स्वतःला पहिलं ठेवावं आणि दुसऱ्यांना अगदी लगेच मागं. दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, म्हणून ते ऐकायला कडू लागतं.

नंतरच्या भेटींमध्ये आम्ही जमिनीवर कमी आणि भीतीवर जास्त बोललो.

"सही करून टाकली तर कसं वाटेल?"

"सुटल्यासारखं वाटन."

"कशातून?"

"लोकायच्या बोलण्यातून."

म्हणजे भावाला द्यायचं हे मनात नव्हतंच, लोकांची तोंडं बंद करायची होती. सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे, एकानंही वाईट म्हटलं तर मी वाईटच, ही अट तिनं स्वतःवर लादली होती आणि झोप त्या अटीनं घालवली होती.

मग एका दिवशी मी म्हटलं, "समजा कोणी काहीच म्हणणार नाही. वहिनी गप्प, गाव गप्प, भाऊबीज सुरूच राहणार. मग अडीच एकराचं काय कराल?"

बराच वेळ विचार करून बोलली. "एक एकर त्याले देईन. विहिरीजवळचं. मायचं दुखणं त्यानं काढलं, मी नव्हती तिथं. दीड एकर माह्या नावानं राहू देईन, वाहो तोच, पण वावराचं भाडं, मक्ता द्यावा, पोरीले नर्सिंगले टाकायचं हाय."

हा क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. भीती बाजूला झाल्याबरोबर त्याच बाईनं कोणी न मागता विहिरीजवळचं, सगळ्यात चांगलं एकर भावाला देऊन टाकलं, आणि त्याच दमात आपल्या मुलीचाही विचार केला. देणं आणि ठेवणं दोन्ही एकाच मनातून निघालं. तेव्हापासून मी हा प्रश्न प्रत्येकीला विचारते, आणि तो सापडला याचा मला आनंद आहे.

सगळं गोडगोड झालं नाही. तिनं स्वतः जाऊन भावाला सांगितलं, वकिलाची नोटीस नाही की रडारड नाही, भाऊ रागानं उठून गेला. सातबाऱ्यावर दोघांची नावं चढली. पुढं भावानं मक्ता दिला, ठरल्यापेक्षा कमी, पण दिला. वहिनी अजून बोलत नाही. ताईला मात्र झोप लागते.

सगळं सोडून दिलेल्या बायकाही मी पाहिल्यात, नोकरी आहे, घर आहे, भावाची खरंच अडचण आहे, आणि मोकळ्या मनानं सही केली. त्यांनाही मी चूक म्हणणार नाही. सही भीतीनं होतेय की मनानं, एवढंच बघा. आणि माहिती घेऊन करा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच झाला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजे असं नाही. रजिस्टर केलेलं हक्कसोड नंतर मागं घेणं फार अवघड जातं, म्हणून गाडीत बसवून थेट ऑफिसला नेत असतील तर त्या दिवशी सही करू नका. तालुक्याच्या विधी सेवा समितीत बाईला फुकट वकील मिळतो, कमाई कितीही असो. आणि झोपच उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

भावांनाही सांगते, सही मागायच्या आधी बहिणीला एकदा विचारा, बाई, तुला काय पाहिजे. माझ्याकडं आलेल्या बहुतेक जणींना हे घरात कोणी विचारलेलंच नव्हतं.