इस्लामी पंडितांनी आधुनिकतेचा विचार केलाच नाही, हे खरं आहे का?

नाही. पुण्यात हा विषय निघाला की गाडी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंवर येऊन थांबते. २२ मार्च १९७० ला इथेच त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण दलवाईंची भिस्त राज्यघटनेवर. धर्मग्रंथाच्या आत शिरून वाद घालणारे वेगळे.

इजिप्तचे मुफ्ती, म्हणजे धर्मकायद्यावर निर्णय देणारे, मुहम्मद अब्दुह (१८४९-१९०५) घ्या. कुराणाच्या चौथ्या सुऱ्यातली (अध्यायातली) तिसरी आयत (वचन) चार बायकांपर्यंत मुभा देते, पण सगळ्यांना सारखा न्याय देणार असाल तरच. त्याच सुऱ्यात १२९ वी आयत म्हणते, कितीही मनात आणलंत तरी ते तुम्हाला जमणार नाही. अब्दुहंनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि बहुपत्नीत्वाला लगाम हवा असं मांडलं. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंपरावादी उलेमा (धर्मपंडित) मात्र म्हणतात, १२९ मध्ये बोलणं मनातल्या ओढीबद्दल आहे, खर्चापाण्याबद्दल नाही.

पाकिस्तानचे इस्लामी विचारवंत फजलुर रहमान म्हणायचे, आयत कुठल्या परिस्थितीत आली ते पाहा, हेतू शोधा, मग तो आजच्या काळाला लावा. विरोध एवढा झाला की १९६८ मध्ये त्यांना तिथल्या सरकारी इस्लामी संशोधन संस्थेचं पद सोडावं लागलं; पुढे ते शिकागोत शिकवत.

आपल्याकडचं कोणी हवं असेल तर माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ फैजी वाचा. धर्म आणि कायदा वेगळे काढा, असं स्पष्ट म्हणणारा हा माणूस मुस्लिम कायद्याचा जाडजूड ग्रंथही लिहून गेलाय.