बाळ ठणठणीत आहे, मग टाचेतून रक्त काढून टेस्ट कशाला?

तुम्ही विचारलंय की वहिनीचं बाळ दोन दिवसांचं आहे, दूध नीट पितंय, तरी डॉक्टर टाचेला टोचून न्यूबॉर्न स्क्रीनिंग (लक्षणं दिसायच्या आधी जन्मजात आजार शोधायची तपासणी) करा म्हणतात आणि घरचे म्हणतात पैसे उकळायचे धंदे, तर करावी का. करा. मी लॅबमध्ये हीच रक्ताचे ठिपके सुकवलेली कार्डं तपासते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बाळ ठणठणीत दिसतंय तेव्हाच ही टेस्ट करायची असते. थायरॉइडचंच घ्या, आपल्याकडे साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला जन्मतः कमी असतो. पोटात असताना आईचं हार्मोन थोडंफार मिळत असतं त्यामुळे जन्मल्यावर काही कळत नाही, नंतर बाळ झोपूनच राहतं, रडत नाही, आणि घरात कौतुक चालू, किती शांत आहे हो! तोवर मेंदूचं नुकसान व्हायला लागलेलं असतं. तेच पहिल्या दोन आठवड्यांत कळलं तर थायरॉक्सिनची स्वस्तातली गोळी आईच्या दुधात चुरून रोज द्यायची, मूल चारचौघांसारखं वाढतं.

"आमच्या दोन्ही घरात असलं काही नाही" हे तर रोज ऐकते. अहो, यातले बरेच आजार असे की आई-बाबा दोघं धडधाकट, पण दोघांकडे एकेक बिघडलेलं जीन असतं आणि मग प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका. मामाच्या मुलीशी वगैरे नात्यात लग्न असेल किंवा आधीचं बाळ कारण न कळता गेलं असेल तर पन्नासेक आजारांचं मोठं पॅकेज घ्या, नाहीतर बजेट नसेल तर निदान थायरॉइड, सीएएच (मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार) आणि जी-सिक्स-पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम, ते कमी आहे का बघतात) एवढं तरी कराच. गोव्यात सरकारनं २००८ मध्येच सरकारी दवाखान्यांतून हे सुरू केलं होतं, आपल्याकडे अजून डॉक्टरांनी सांगितलं तर होतं.

सॅम्पल ४८ ते ७२ तासांत घ्यायला सांगा. पहिल्या दिवशी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, सगळ्याच बाळांचं वाढलेलं असतं, उगाच पॉझिटिव्ह येतं आणि घरात रडारड. आणि पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार आहेच असं नाही, शिरेतलं रक्त घेऊन परत तपासतात, फक्त त्याला उशीर करू नका, सीएएचमध्ये दुसऱ्या आठवड्यातच बाळ एकदम सिरीयस होऊ शकतं.

कार्डावर वहिनीचा स्वतःचा नंबर द्या. बाळंतीण माहेरी, नंबर नवऱ्याचा, तो कामावर अनोळखी कॉल उचलत नाही, असं इतक्यांदा होतं की काय सांगू.

आणि जी-सिक्स-पीडी कमी निघालं तर घाबरायचं कारण नाही, काही औषधं टाळायची असतात, डॉक्टर यादी देतात. फक्त आजीला आधीच सांगून ठेवा, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली जुनी झबली-दुपटी बाळाला बिलकुल नकोत, त्यानं रक्तपेशी फुटून कावीळ होते.