हलणारी खुर्ची बनवणाऱ्या मुलानं कोणती शाखा घ्यावी?

प्रश्न: आमचा मुलगा 17 वर्षांचा आहे, शाळेचं शेवटचं वर्ष सुरू आहे. रेसिंगच्या गेमसाठी त्यानं घरीच हलणारी खुर्ची बनवायला घेतली आहे. लोखंडी चौकट, जुन्या गाडीचं सीट, वायपरच्या दोन मोटरी, त्या चालवणारा आर्डुइनो नावाचा छोटा संगणकी बोर्ड, वायरींचा गुंता. सात महिने झाले. खुर्ची हलते, पण नुसती उभी असतानाही थरथरते आणि तो रात्री दोनपर्यंत तिच्याशीच झटत बसतो. गणितातले गुण घसरले आहेत. गेल्या आठवड्यात रागाच्या भरात मी सगळं झाकून ठेवायला लावलं. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. हे निव्वळ गेमचं वेड आहे, की यातून काही करिअर घडू शकतं? घडणार असेल तर शाखा कोणती घ्यावी? – एक वडील

उत्तर: तुमच्या पत्रात मी एका वाक्यापाशी अडले. ‘नुसती उभी असतानाही थरथरते.’ तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, पण खुर्ची कधी थरथरते हे ज्या वडिलांना इतकं नेमकं ठाऊक आहे, त्यांनी दारात उभं राहून ती पाहिलेली असणार. म्हणून तुमच्याशी जरा सविस्तर बोलते.

आधी गेमच्या वेडाबद्दल. तो गेम किती वेळ खेळतो आणि खुर्ची किती वेळ खोलून बसतो, हे आठवून बघा. ज्याला फक्त खेळायचं असतं तो स्टिअरिंग टेबलाला बांधतो आणि खेळायला लागतो. सात महिने चौकट, मोटरी आणि प्रोग्रॅम यांच्यात रमलेल्या मुलाला बहुधा शर्यतीपेक्षा यंत्राची ओढ जास्त आहे. रेसिंग ड्रायव्हर होण्याचा रस्ता वेगळा आहे आणि अतिशय अरुंद आहे. त्याचं आश्वासन मी देणार नाही, आणि तुमच्या पत्रावरून त्यानंही ते मागितलेलं दिसत नाही.

ही खुर्ची नेमकं काय करते ते समजलं, तर तुमचा बराचसा राग ओसरेल असं मला वाटतं. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं मला स्वतः बनवलेल्या अशाच खुर्चीत बसवलं होतं. समोर पडदा, लांबलचक सरळ रस्ता आणि शेवटी एकदम ब्रेक. खुर्ची पुढे कलली, पट्टा छातीवर आवळला गेला आणि माझे पाय नकळत पुढे रेटले गेले. ‘आता डोळे मिटा, मॅडम,’ तो म्हणाला. त्यानं तोच ब्रेक पुन्हा लावला. या वेळी मला फक्त कुणीतरी खुर्ची पुढे वाकवतंय एवढंच कळलं. गाडी कुठे गेली, ब्रेक कुठे गेला, काहीच नाही.

आपल्या आतल्या कानात तोल कळण्याची जी सोय आहे, तिच्यातल्या एका भागाला शरीर कललंय की वेग बदलतोय यातला फरक ओळखता येत नाही. तो निवाडा डोळे करतात. घरात खुर्ची दोनशे मीटर पळवता येत नाही, म्हणून बनवणारा ती पुढे कलवतो आणि ब्रेकचं काम गुरुत्वाकर्षणाकडून करून घेतो. शाळेतल्या त्रिकोणमितीनं हिशेब करा. 15 अंश कललं तर साइन 15 म्हणजे सुमारे 0.26, म्हणजे एक चतुर्थांश जी (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर). फॉर्म्युला वनच्या गाडीत जोरात ब्रेक लावला की ड्रायव्हरला 5 जीच्या आसपास जाणवतो. म्हणजे खरा अनुभव देणं अशक्यच, फक्त फसवता येतं. त्यातही एक मेख आहे. कानाचा दुसरा भाग फिरण्याचा वेग ओळखतो. खुर्ची सेकंदाला साधारण 3 अंशांपेक्षा भरभर कलली तर फसवणूक उघडी पडते. त्या गतीनं 15 अंश कलायला 5 सेकंद लागतात आणि तोवर ब्रेक संपून गाडी वळणातून बाहेरही पडलेली असते. मग करायचं काय? सुरुवातीला एक छोटा झटका द्यायचा, त्याच्या मागोमाग कळत-नकळत कलवायचं आणि पुढच्या झटक्याला जागा राहावी म्हणून बसणाऱ्याला पत्ता लागू न देता खुर्ची हळूच मध्यावर आणायची. या हळूच परत आणण्याला वॉशआउट म्हणतात. वैमानिकांच्या मोठ्या सिम्युलेटरमध्येही हीच युक्ती वापरतात. तुमचा मुलगा रात्री दोन वाजता ज्या प्रश्नाशी झुंजतोय त्याला विद्यापीठांत संशोधनाचा विषय म्हणतात, हे मी मनापासून सांगते.

या कामाची सुरुवातही अशाच एका खटपट्या माणसानं केली. एडविन लिंक विमान चालवायला शिकत होता आणि ते शिक्षण महागडं होतं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते त्यानं एका खोट्या विमानाखाली बसवले आणि 1929 मध्ये कलणारं, वळणारं शिकाऊ यंत्र उभं केलं. बरीच वर्षं लोकांना ती जत्रेतली गंमत वाटत होती. 1934 मध्ये खराब हवेत टपाल नेताना अमेरिकी सैन्याचे अनेक वैमानिक मेले, तेव्हा सैन्यानं त्याच्याकडून सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या खोक्यांत बसून ढगांतून उडायला शिकले. आजच्या मोठ्या सिम्युलेटरखाली सहा पायांची जी बैठक असते तशी आधी टायर तपासायच्या यंत्रात होती. एरिक गॉफ यांनी ते 1950च्या दशकात डनलॉप या टायर कंपनीत बनवलं होतं. 1965 मध्ये स्ट्युअर्ट यांनी विमानाच्या सिम्युलेटरसाठी सहा दिशांनी हलणाऱ्या बैठकीवर निबंध लिहिला, म्हणून तिला स्ट्युअर्ट प्लॅटफॉर्म हे नाव पडलं. तशाच सहा पायांच्या बैठकी आज मोठ्या दुर्बिणींचे आरसे नेमक्या जागी धरून ठेवायला वापरतात.

आता शाखेकडे येते. शाखा ठरवायला मी त्याची गुणपत्रिका नंतर बघेन. आधी मला हे बघायचंय की या खुर्चीच्या कोणत्या भागापाशी तो सगळ्यात जास्त वेळ अडकून राहतो. चौकटीत रमला असेल तर यांत्रिकी. वायरी आणि बोर्डात रमला असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. गेममधून येणारे आकडे वाचून त्यांचं काय करायचं यात गुंतला असेल तर संगणक. टायरची पकड नेमकी कधी सुटते हे त्याला छळत असेल तर वाहनशास्त्र. आणि माणूस फसतो कसा, याचंच त्याला कुतूहल असेल, तर मानवी संवेदना आणि यंत्रं यांच्या सीमेवरचे विषय आहेत. तिकडे फार थोडे विद्यार्थी वळतात आणि तिथं चांगल्या माणसांची गरज आहे.

पण तुमच्या पत्रात थरथर आहे, म्हणून माझा अंदाज वेगळ्याच दिशेला जातो. खुर्ची कुठे आहे हे आर्डुइनोला एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे सांधा किती फिरला ते मोजणारा भाग, सांगतो, 0 ते 1023 मधला एक आकडा. प्रोग्रॅम म्हणतो 512 वर थांब. मोटर 514 वर पोचते, प्रोग्रॅम मागे ओढतो, ती 509 वर जाते, पुन्हा पुढे. हीच तुमची थरथर. ती घालवायला तो पी, आय आणि डी असे तीन आकडे वरखाली करत असणार. पी म्हणजे आत्ता किती चूक आहे, आय म्हणजे आतापर्यंत साठलेली चूक, डी म्हणजे चूक किती भरभर बदलतेय. साठलेलं म्हणजे इंटिग्रल आणि बदलाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह! ज्या गणितात त्याचे गुण घसरलेत, तेच गणित तो रात्री हातानं करतोय, फक्त कुणी त्याला तसं सांगितलेलं नाही. हा त्याचा आवडता भाग निघाला तर नियंत्रण अभियांत्रिकी किंवा मेकॅट्रॉनिक्सकडे (यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक यांचा मेळ) बघा. रोबो, विमानाचं ऑटोपायलट, शस्त्रक्रियेची यंत्रं, गाड्यांच्या कंपन्यांतले ड्रायव्हिंग सिम्युलेटर, सगळीकडे हेच काम असतं. विमान कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटरची देखभाल करणारे तंत्रज्ञही लागतात. ज्याला डिझाइनपेक्षा प्रत्यक्ष हातानं काम करणं आवडतं, त्याच्यासाठी तो स्वतंत्र आणि मानाचा रस्ता आहे.

गणिताबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. त्रिकोणमिती, मॅट्रिक्स आणि कलनशास्त्र कच्चं राहिलं तर या सगळ्या शाखांची दारं अर्धीच उघडतील, आणि खुर्ची कितीही सुंदर झाली तरी ती प्रवेशपरीक्षा देऊ शकत नाही. त्याला एक कोडं द्या. स्ट्युअर्ट प्लॅटफॉर्मची वरची बैठक कुठे न्यायची ते माहीत असेल तर सहा पायांच्या लांबी काढणं सोपं आहे. उलट, पायांच्या लांबी दिल्या आणि बैठक कुठे आहे असं विचारलं तर गणितानं 40 पर्यंत उत्तरं निघू शकतात. असं का, हे शोधायला बसला तर पुस्तक तो आपणहून उघडेल.

आणि एक वही करायला सांगा. आज काय बदललं, काय होईल असं वाटलं होतं, काय झालं. त्यात आकडे असावेत. समजा तो आणि चौकट मिळून 100 किलो भरतात आणि वजनाचा मध्य खालच्या सांध्यापासून 10 सेंटिमीटर सरकलेला आहे. मग खुर्ची नुसती तोलून धरायला मोटरींना सुमारे 98 न्यूटन-मीटर जोर लावावा लागतो. सीट सरकवून तेच अंतर 2 सेंटिमीटरवर आणलं तर जोर 20 च्या आत येतो. मोठ्या मोटरी मागणारी मुलं मी पाहिली आहेत. सीट सरकवून, आधी आणि नंतरचा आकडा वहीत लिहिणारी फार थोडी पाहिली. मुलाखत घेणारी माणसं खुर्चीच्या व्हिडिओपेक्षा ही वही जास्त वेळ चाळतात.

तुमचा राग मला कळतो, पण झाकण काढा. त्याआधी त्याच्याशी करार करा. शाळेचे दिवस असतील तेव्हा रात्री ठरलेल्या वेळेनंतर यंत्र बंद, आणि सुट्टीच्या दिवशी हवं तेवढं. त्याहून महत्त्वाचा करार सुरक्षेचा आहे आणि त्यात अजिबात सूट देऊ नका. पोटेन्शिओमीटरची तार तुटली तर काय होईल, असं त्याला विचारा. आर्डुइनोला खोटा आकडा दिसेल, खुर्ची एका टोकाला आहे असं समजून तो मोटर जीव खाऊन दुसऱ्या टोकाला पळवेल, आणि मध्ये कुणाची बोटं असतील. आकडा मर्यादेबाहेर गेला की मोटरींची वीज तुटली पाहिजे. दोन्ही टोकांना स्विच हवेत, आणि तेही असे जोडलेले की स्विचची तार तुटली तरी यंत्र थांबेल. बसल्या जागी हात पोचेल असं लाल बटण हवं आणि ते दाबल्यावर मोटरींकडे जाणारी वीजच तुटली पाहिजे. नुसतं प्रोग्रॅमला कळवणारं बटण चालणार नाही. प्रत्येक मोटरला फ्यूज, वीजपुरवठ्याला अर्थिंग, हलणाऱ्या सांध्यांवर आवरण. हे होईपर्यंत खुर्चीत माणूस बसवायचा नाही, चाचणीला वाळूची पोती ठेवायची. ‘काय बिघडलं तर काय होईल’ याचा विचार तो स्वतःहून करायला लागला, तर मला पुन्हा पत्र लिहून कळवा, कारण शाखेबाबतची माझी निम्मी शंका तिथंच मिटेल.

दोघांत बोलणं सुरू करायचं असेल तर माफीपेक्षा प्रश्न बरा पडेल. संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन विचारा, थरथर दोन्ही बाजूंना सारखी आहे का? मोटरींची वीज बंद करून सीट हातानं हलवून बघा, तुम्ही एका बाजूनं आणि तो दुसऱ्या बाजूनं. मोटरच्या दांड्यापाशी किंवा सांध्यात टकटक आवाज आला, तर जोड ढिला आहे, आणि तो ढिलेपणा पी, आय, डीचे आकडे बदलून कधीच जाणार नाही. मग बोल्ट, बुश आणि बेअरिंगं बघायची. टकटक आली नाही, तर पी थोडा कमी करायचा आणि 512 च्या दोन्ही बाजूंना तीन-चार आकड्यांची चूक मोटरीनं सोडून द्यावी, एवढी सवलत प्रोग्रॅममध्ये ठेवायची.