स्थानकांच्या मालकीची कंपनी?

प्रश्न असा आला आहे: 'लोकल टीव्ही ही अमेरिकेतील स्थानिक दूरचित्रवाणी स्थानकांच्या मालकीची अल्पजीवी कंपनी होती' हा अनुवाद बरोबर आहे का? 'स्थानक'ऐवजी 'वाहिनी' चालेल का?

व्याकरणात खोट नाही, पण अर्थ उलटा झाला आहे. 'पाटलाच्या मालकीचं शेत' म्हटलं की मालक पाटील. त्याच न्यायाने 'स्थानकांच्या मालकीची कंपनी' म्हणजे मालक स्थानकं आणि कंपनी त्यांची मिळकत. शेताच्या मालकीचा पाटील म्हणावं तसं झालं हे! 'स्थानकांची मालक असलेली कंपनी' म्हणा (कंपनी स्त्रीलिंगी असली तरी तिला 'मालकीण' कोणी म्हणत नाही), नाहीतर सरळ 'या कंपनीकडे इतकी स्थानकं होती' म्हणून मोकळे व्हा.

आता 'स्थानक'. शब्द चुकीचा नाही, पण तो एस.टी. आणि रेल्वेने कधीच बळकावला आहे. त्यात कंपनीचं नाव 'लोकल'. मुंबईचा वाचक पुढचं वाक्य येण्याआधी दादरला उतरलेला असेल. प्रसारणासाठी मराठीत रुळलेला शब्द 'केंद्र': आकाशवाणीचं पुणे केंद्र, २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालेलं दूरदर्शनचं मुंबई केंद्र. तुम्ही 'दूरदर्शन' न लिहिता 'दूरचित्रवाणी' लिहिलंत हे मात्र उत्तम, कारण 'दूरदर्शन' हे आता एका सरकारी संस्थेचं विशेषनाम आहे.

'वाहिनी' इथे चालणार नाही. वाहिनी म्हणजे वाहणारी किंवा वाहून नेणारी. संस्कृतात नदीला वाहिनी म्हणतात आणि सैन्याच्या एका तुकडीलाही. ८१ रथ, ८१ हत्ती, २४३ घोडे आणि ४०५ पायदळ मिळून एक वाहिनी. आपल्याकडे रक्तवाहिनी, जलवाहिनी होत्याच; उपग्रहावरून चॅनल दिसू लागल्यावर त्यांनाही हा शब्द मिळाला. (घाईत टंकताना तिची 'वहिनी' होते आणि 'नवीन वहिनी सुरू होणार' अशी बातमी छापून येते, ते वेगळंच.) वाहिनी म्हणजे कार्यक्रमांचा प्रवाह. केंद्र म्हणजे इमारत, मनोरा, बातमीदार आणि परवाना. आपल्या उपग्रह वाहिनीला गाव नसतं. अमेरिकेतल्या केंद्राला ते असावंच लागतं, कारण परवाना एका ठरावीक शहराच्या नावाने दिलेला असतो.

हा फरक या कंपनीच्या गोष्टीतच दिसतो. २००७मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कंपनीने आपली नऊ केंद्रं ५७.५ कोटी डॉलरना विकली. 'ओक हिल कॅपिटल पार्टनर्स' या गुंतवणूक संस्थेने ती घेतली आणि त्यासाठी 'लोकल टीव्ही' स्थापन केली. पुढच्याच वर्षी फॉक्स या अमेरिकी वाहिनीच्या कंपनीकडून तिने आणखी आठ केंद्रं साधारण ११० कोटी डॉलरना घेतली. इथे कोणी 'फॉक्सने आठ वाहिन्या विकल्या' असं लिहिलं, तर वाचकाला वाटेल की फॉक्सचे कार्यक्रमच परक्या हाती गेले. पण तसं झालं नाही. क्लीव्हलँडचं डब्ल्यूजेडब्ल्यू हे केंद्र विकलं गेलं, तरी त्यावर फॉक्सचेच कार्यक्रम दिसत राहिले. केंद्राचा मालक बदलला, वाहिनी तीच राहिली. हे एका शब्दात मिसळलं की सगळा व्यवहारच कळेनासा होतो.

'मालकी' हा शब्दही जपून वापरायला हवा. २०१३मध्ये वर्तमानपत्रं आणि केंद्रं दोन्ही चालवणाऱ्या 'ट्रिब्यून' कंपनीने लोकल टीव्हीकडे तोवर असलेली १९ केंद्रं सुमारे २७३ कोटी डॉलरना घेतली. पण व्हर्जिनियातल्या नॉरफोक आणि पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन या भागांत ट्रिब्यूनची वर्तमानपत्रं होती, आणि एकाच भागात वर्तमानपत्र व केंद्र एकाच मालकाकडे असण्यावर तेव्हा सरकारी निर्बंध होते. म्हणून तिथल्या तीन केंद्रांचे परवाने 'ड्रीमकॅचर' नावाच्या वेगळ्या कंपनीकडे गेले आणि बरीचशी सेवा ट्रिब्यूनने पुरवायची ठरली. अशा ठिकाणी 'मालक' आणि 'चालक' हे आपले दोन शब्द वेगळे ठेवले की काम भागतं. रिक्षेच्या धंद्यात आपण ते रोज करतोच.

'अल्पजीवी'बद्दल माझी कुरकुर आहे. त्यात बिचारी अकाली गेली असा सूर लागतो. ही कंपनी बुडाली नाही, चढ्या भावाने विकली गेली. अशा गुंतवणूक संस्था बहुधा काही वर्षांनी विकण्यासाठीच कंपन्या घेतात. 'जेमतेम साडेसहा वर्षं चाललेली' म्हटलं की पुरे.

राहिलं नाव. 'लोकल टीव्ही'चं 'स्थानिक टीव्ही' करू नका, विशेषनाम आहे. आणि 'लोकल' तरी कुठली? कंपनीचं कार्यालय केंटकी राज्यात, सिनसिनाटी शहराच्या वेशीवर, आणि त्या शहरात तिचं एकही केंद्र नव्हतं.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांतली दूरचित्रवाणी केंद्रं विकत घेणारी लोकल टीव्ही ही कंपनी २००७ ते २०१३ एवढीच चालली.'